चिखलाने जपलेल्या लाकडी वाटा

१८५३-५४ चा हिवाळा युरोपात फार कोरडा गेला. स्वित्झर्लंडमधील झुरिच सरोवराचे पाणी नेहमीपेक्षा पुष्कळच खाली उतरले आणि काठचा एरवी पाण्याखाली असणारा तळ उघडा पडला. ओबरमायलेन गावच्या लोकांनी ही संधी साधून सरोवराच्या बाजूला भराव घालून जमीन वाढवायला घेतली. चिखल उपसताना त्यांना लाकडाचे उभे खुंट लागले. एक-दोन नव्हे, ओळीने. त्यांच्याबरोबर दगडी कुऱ्हाडी, हाडांची हत्यारे, खापरे. गावात योहानेस एप्ली नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी या वस्तू पाहिल्या, हे काहीतरी वेगळे आहे हे ओळखले आणि झुरिचच्या पुरातत्त्व मंडळाला पत्र पाठविले. मंडळाचे अध्यक्ष फर्डिनांड केलर स्वतः येऊन पाहून गेले. सरोवराकाठच्या अश्मयुगीन वस्त्यांचा अभ्यास म्हणून जी शाखा पुढे युरोपभर वाढली, तिची सुरुवात या पत्रातून झाली.

भराव घालण्यासाठी चिखल उपसणे हे काम आपल्याला अनोळखी नाही. नवी मुंबई हे शहरच त्या कामातून उभे राहिले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या अर्धशतकात ठाणे खाडी व पनवेल खाडीच्या काठचा चिखल जितका उकरला गेला, तितका त्याआधीच्या हजार वर्षांत उकरला गेला नसेल. बेलापूरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, पनवेल खाडीच्या तोंडावर वसलेले दिवाळे हे कोळ्यांचे गाव या सगळ्या उकराउकरीच्या मध्यभागी आहे. रस्त्याचे पूल, जेट्ट्या, गटारांचे पाट, इमारतींचे पाये, खाडीपलीकडच्या विमानतळासाठी वळवलेल्या नद्यांची पात्रे, या प्रत्येक ठिकाणी यंत्राच्या दाताला कधी ना कधी लाकूड लागतेच. ते बाजूला फेकले जाते, वाळते, तडकते आणि जळणात जाते. त्यात काय होते हे कोणालाच कळत नाही, कारण कोणी पाहिलेलेच नसते.

लाकडाकडे पाहिले तर त्यातून केवढे कळू शकते, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या एका पायवाटेचे आहे. ते जरा तपशिलात पाहू.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यात समुद्रसपाटीइतकाच सखल असा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश आहे. तिथे हजारो वर्षे पाणवनस्पती कुजता-कुजता अर्धवट राहून त्यांचे थर साचले. या काळपट, स्पंजासारख्या मातीला पीट म्हणतात. वाळवली की ती जळते, म्हणून ती वर्षानुवर्षे विटांसारखी कापून काढली जात होती. पुढे बागकामासाठी कापली जाऊ लागली. १८९२ साली आर्थर बुलीड नावाच्या, वैद्यकीचे शिक्षण घेत असलेल्या तरुणाने याच भागात ग्लॅस्टनबरीजवळच्या एका शेतात काही उंचवटे पाहिले. चिचुंद्रीसारख्या एका बिळे करणाऱ्या प्राण्याने वर काढलेल्या मातीत कोळसा आणि खापरे होती. बुलीडने केलरच्या स्विस वस्त्यांविषयी वाचलेले होते आणि तसेच काही आपल्याकडे सापडावे ही त्याची इच्छा होती. खणल्यावर लोहयुगातील एक आख्खे गाव निघाले. ओबरमायलेनच्या मास्तरांच्या पत्राचा प्रवास असा इथवर झाला.

बुलीडनंतर या भागात पुरातत्त्वाची नजर असलेली माणसे राहिली, आणि पीट कापणाऱ्या कामगारांनाही ठाऊक झाले की लाकूड दिसले तर ते कोणाला तरी दाखवायचे असते. १९७० मध्ये रे स्वीट नावाच्या कामगाराला चर साफ करताना खोलवर एक कठीण फळी लागली. तिचा तुकडा केंब्रिज विद्यापीठात जॉन कोल्स यांच्याकडे गेला. उत्खनन झाले आणि दलदलीतून सरळ गेलेली, सुमारे १८०० मीटर लांबीची लाकडी पायवाट उजेडात आली. तिला शोधणाऱ्या कामगाराचेच नाव दिले गेले : स्वीट ट्रॅक. शोध लागण्याचे श्रेय नावातच नोंदवण्याची ही पद्धत आम्हांला फार आवडते.

वाटेची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली होती. प्रथम आल्डर, अ‍ॅश, हेझल अशा झाडांचे लांब वासे दलदलीवर एकापुढे एक आडवे टाकले. मग प्रत्येक वाशाच्या दोन्ही अंगांनी टोकदार खुंट्या तिरप्या ठोकल्या, अशा की त्या वाशाच्या वर एकमेकींना छेदून फुलीचा आकार व्हावा. फुलीच्या वरच्या खाचेत ओक लाकडाच्या फळ्या लांबीने बसविल्या. झाली एका माणसापुरती वाट, पाण्यापासून थोडी उंच. खालचा वासा वजन पसरवतो आणि खुंट्या चिखलात बुडून जाण्यापासून वाचवतो. खुंट्या फळीला उचलून धरतात. मऊ जमिनीवर पाया कसा घालावा याचा हा धडा करवत आणि खिळा दोन्ही नसलेल्या लोकांनी घालून दिलेला आहे. ओकचे खोड पाचरी ठोकून उभे चिरायचे आणि दगडी कुऱ्हाडीने साफ करायचे, एवढीच त्यांची साधने.

वाटेच्या कडेला हरवलेल्या, पडलेल्या किंवा मुद्दाम ठेवलेल्या वस्तूही सापडल्या. हेझलची फळे असलेले एक मडके, लहान मुलाच्या खेळण्यासारखी लाकडी कुऱ्हाड, आणि जेडाइट या हिरव्या दगडाची एक गुळगुळीत, कधीही न वापरलेली कुऱ्हाड. हा दगड आल्प्स पर्वतातला आहे. म्हणजे त्या काळी हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावरून वस्तू हातोहात इथे येत होत्या. हेझलच्या खुंट्या सरळ आणि जवळजवळ सारख्या जाडीच्या होत्या. रानात आपोआप वाढलेल्या झुडपाला अशा फांद्या क्वचितच फुटतात. झाड बुंध्यापाशी छाटले की येणारे नवे धुमारे मात्र असे सरळ वाढतात. आपल्याकडे राब भाजण्यासाठी झाडे छाटणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. थोडक्यात, खुंट्यांच्या आकारावरून त्या लोकांच्या रानाच्या व्यवस्थापनाचा अंदाज आला.

आणि या वाटेचे वय? फळ्यांसाठी झाडे तोडली गेली ती इ. स. पूर्व ३८०७ च्या हिवाळ्यात किंवा ३८०६ च्या वसंतात! सुमारे ५८०० वर्षांपूर्वीची घटना ऋतूसकट सांगता येते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थापच वाटते. म्हणून ते कसे कळते ते सांगायला हवे.

समशीतोष्ण हवामानात झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. एका प्रदेशातील सर्व झाडांनी तीच वर्षे पाहिलेली असतात, म्हणून रुंद-अरुंद वलयांचा क्रम सगळ्यांत साधारण सारखा असतो. आज तोडलेल्या झाडाची आतली वलये शंभर वर्षांपूर्वी तोडून घराच्या तुळईला लावलेल्या झाडाच्या बाहेरच्या वलयांशी जुळतात. त्या तुळईची आतली वलये आणखी जुन्या लाकडाशी. अशी साखळी जोडत मागे जाता येते. युरोपात ओक वृक्षांची ही साखळी सात हजार वर्षांहून मागे गेली आहे, आणि तिच्यात दलदलीतून निघालेल्या लाकडांचा वाटा मोठा आहे. फळीवर सालीलगतचे शेवटचे वलय शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले ते कळते. ते वलय पुरे झाले आहे पण पुढच्या वसंतातील मोठ्या वाहिन्या उमटायला लागलेल्या नाहीत, असे दिसले की ऋतूही कळतो. शिवाय स्वीट ट्रॅकखाली किंवा तिला लगटून गेलेली आणखी एक जुनी वाट आहे, तिचे लाकूड इ. स. पूर्व ३८३८ चे. तीस वर्षांनी नवी वाट बांधावी लागली, आणि तीही फार तर दहाएक वर्षे वापरात राहिली असावी; मग तिला वेताने आणि चिखलाने गिळले.

कार्बन-१४ पद्धतीने इतकी नेमकी तारीख मिळत नाही. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे. मोजणीतील आणि वातावरणातील बदलांमुळे उत्तर नेहमी काही दशकांच्या, कधी शतकाच्या अंतराने येते. उलट त्या पद्धतीतील चुका दुरुस्त करण्यासाठीच वृक्षवलयांचा आधार घेतला जातो. आपल्याकडे अडचण अशी की उष्ण प्रदेशातील पुष्कळ झाडे स्पष्ट वार्षिक वलये दाखवीत नाहीत. सन्माननीय अपवाद सागाचा. सागाचे पान उन्हाळ्यापूर्वी गळते, पावसाळ्याच्या सुरुवातीला नवी वाढ होते, आणि त्या वेळी बनलेल्या मोठ्या वाहिन्यांची रांग नुसत्या भिंगाने दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील पंत व बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा हवामानाशी असलेला संबंध अभ्यासून प्रसिद्ध केला होता. म्हणजे सागाची तुळई ही आपल्या पावसाची वही आहे. अशा वह्या जोडत मागे जायचे, तर जुने लाकूड हवे. आणि जुने लाकूड आपण फेकून देतो.

आता मूळ प्रश्न. घराच्या दाराची चौकट पन्नास वर्षांत कुजते आणि दलदलीतली फळी पाच हजार वर्षे राहते, हे कसे?

लाकूड कुजते म्हणजे ते खाल्ले जाते. खाणारे मुख्यतः तीन : बुरशी, कीटक आणि जिवाणू. यांपैकी बुरशीला ओल हवी आणि हवाही हवी. म्हणून जमिनीत पुरलेला कुंपणाचा खांब नेहमी जमिनीच्या पृष्ठभागाशी कुजतो. खाली हवा नाही, वर ओल नाही; जिथे दोन्ही आहेत तिथे तो तुटतो. कोणत्याही खेड्यातील विद्यार्थ्याने हे पाहिलेले असते, फक्त कोणी विचारलेले नसते. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिखलात ऑक्सिजन शिरण्याचा वेग अतिशय कमी असतो, आणि शिरलेला ऑक्सिजन वरच्या थरातील जिवाणू लगेच वापरून टाकतात. खालच्या थरात ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू राहतात. ते लाकूड खातात, पण फार सावकाश. आणि त्यांना सेल्युलोज जमते, लिग्निन जवळजवळ जमत नाही.

परिणाम असा होतो की लाकडाचा आकार टिकतो, वजन पेलण्याची ताकद जाते. पेशींच्या भिंतींतील सेल्युलोज हळूहळू निघून जाते, लिग्निनचा सांगाडा उरतो आणि रिकाम्या जागेत पाणी भरते. असे लाकूड चिखलातून काढले तेव्हा नवे दिसते, त्यावर कुऱ्हाडीचे घाव मोजता येतात. पण ते मुळात पाण्यावर उभे असते. उन्हात ठेवले की काकडीच्या चकतीचे जे होते तेच त्याचे होते. पाणी जाताना पेशींच्या भिंती आत ओढल्या जातात आणि सगळे आकसून, तडकून, वाकडे होऊन बसते. हे परत सरळ होत नाही. लाकूड किती झिजले आहे ते मोजण्याची एक सोपी रीत आहे : ओल्या तुकड्याचे वजन घ्यायचे, तो पूर्ण वाळवून पुन्हा वजन घ्यायचे, आणि गेलेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागायचे. ५०० ग्रॅमचा तुकडा वाळून १०० ग्रॅम झाला, तर पाणी ४०० टक्के. एवढे पाणी असलेले लाकूड अत्यंत झिजलेले समजतात. ताज्या, धडधाकट लाकडात ते याच्या जवळपासही नसते. (हा प्रयोग अर्थातच फुटलेल्या, निरुपयोगी ढलपीवर करायचा.)

पीटमधील चिखल आम्लधर्मी, तर आपल्या खाडीतील चिखल खारा आणि मातकट. म्हणून सॉमरसेटचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. खाऱ्या पाण्यात लाकडाचा एक भयंकर शत्रू असतो : तेरेडो. दिसायला अळीसारखा, पण कुळाने शिंपल्यांचा भाऊबंद. तो लाकडात बोटभर जाडीची भोके पाडीत जातो. कोळी लोक होडीला डांबर किंवा तेल का लावतात, होडी वेळोवेळी कोरड्यात का ओढतात, याच्या मागे हाच प्राणी आहे. पण तेरेडोलाही श्वास घ्यायला मोकळे पाणी लागते. लाकूड चिखलात गाडले गेले की तो मरतो. त्यामुळे खाडीतील लाकडाचे भवितव्य ते किती लवकर गाडले गेले यावर ठरते. खुंटाचा वरचा भाग चाळणीसारखा आणि खालचा अगदी शाबूत, असे चित्र म्हणूनच दिसू शकते. खाडीच्या चिखलाचा काळा रंग आणि सडक्या अंड्यासारखा वास हे त्यात ऑक्सिजन नसल्याचे प्रशस्तिपत्रकच आहे. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. लोहाशी संयोग होऊन काळे लोह सल्फाइड होते. ही गोष्ट पुढे त्रासदायकही ठरते. स्वीडनचे वासा हे १६२८ साली बुडालेले जहाज १९६१ मध्ये वर काढले. आकसू नये म्हणून सतरा वर्षे त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा फवारा मारला. तरी लाकडात मुरलेल्या गंधकाचे हवेत हळूहळू गंधकाम्ल होत असल्याचे पुढे २००० सालच्या सुमारास ध्यानात आले. चिखलातून लाकूड काढणे सोपे, काढलेले टिकवणे फार कठीण.

मग आपल्या खाड्यांच्या चिखलात खरोखरच काही जुने टिकले आहे का? आहे, आणि त्याचा पुरावा दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक ही गोदी १८७५ ते १८८० या काळात बांधली गेली. ती खणताना चिखलाच्या जाड थराखाली, भरतीच्या पातळीच्या कित्येक मीटर खाली, एक आख्खे रान सापडले. अभियंत्यांनी त्याची मोजदाद केली : ३८२ झाडे, त्यांतील २२३ मुळांवर उभी आणि १५९ आडवी. लाकूड खैराचे होते. खैर हे खारफुटीचे झाड नव्हे, ते कोरड्या जमिनीवर वाढते. म्हणजे जिथे आज गलबते नांगरतात तिथे एके काळी कोरडे रान होते, मग जमीन खचली किंवा समुद्र चढला, आणि चिखलाने झाडे झाकली. पुढे शेजारची अलेक्झांड्रा डॉक खणतानाही असे बुडालेले वृक्ष आढळले. हे रान माणसाने केलेले नव्हते. पण जो चिखल खैराचे खोड जपतो तो खैराची खुंटीही जपेल. दिवाळ्याचा काठ याच बंदराच्या पलीकडच्या अंगाला आहे.

माणसाने रचलेल्या लाकडाचीही उदाहरणे देशात आहेत. मेगॅस्थेनिसने पाटलीपुत्राला ५७० बुरुज आणि ६४ दरवाजे असलेला लाकडी तट होता असे लिहून ठेवले होते. १८९० च्या दशकात वॉडेल नावाच्या लष्करी डॉक्टरने, म्हणजे पुन्हा एका हौशी माणसानेच, पाटण्यात त्याचा माग काढला. नंतर बुलंदीबाग येथे पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात जाड खांबांच्या दोन समांतर रांगा आणि त्यांच्यामध्ये ओंडक्यांची तळजमीन मिळाली. केरळमध्ये पट्टणम् येथे २००७ साली पाणथळ थरात विटांचा धक्का, सागाचे खुंट आणि सुमारे सहा मीटर लांबीची एका खोडातून कोरलेली होडी मिळाली, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिचे हवामान, तिचा पाऊस आणि तिची खाडी आपल्या कोकणासारखीच. कार्ले आणि भाजे येथील लेण्यांच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत, पण त्या टिकल्या त्या उलट कारणाने, कड्याच्या पोटात कोरड्या राहिल्यामुळे. ओले-कोरडे, ओले-कोरडे ही आलटापालट लाकडाला मारते. एकसारखी कोणतीही स्थिती त्याला मानवते.

दलदलीतली लाकडी वाट ही कल्पना कोकणाला नवी नाही. पावसाळ्यात वहाळावर सुपारीचे किंवा माडाचे खोड, बांबू आणि वेली यांचा साकव घालणे ही गावाने मिळून करायची जुनी रीत. दरवर्षी घालायचा आणि पुरात गेला तर पुन्हा घालायचा. स्वीट ट्रॅकही अशीच थोड्या वर्षांसाठी केलेली सोय होती, हे लक्षात घेतले तर तिच्याविषयीचा अचंबा कमी होऊन आपुलकी वाढते. दुसरी गोष्ट खारजमिनीची. पेण, पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यात खाडीचे पाणी अडवून भातशेती करण्यासाठी घातलेले बांध शेकडो वर्षांचे आहेत. १९४८ च्या खारजमीन कायद्याच्या कितीतरी आधीपासून ते शिलोत्री पद्धतीने बांधले आणि राखले जात होते. त्या बांधांत भरतीचे पाणी अडवणाऱ्या आणि ओहोटीला सोडणाऱ्या लाकडी उघाड्या असत, बांधाची माती धरून ठेवायला खुंट ठोकलेले असत. मिठागरांतही तेच. आणि कोळ्यांची डोल जाळी पाण्याच्या ओढीत उभी राहतात ती तळात ठोकलेल्या खुंटांच्या आधाराने. थोडक्यात, या खाडीचा तळ म्हणजे लाकूड ठोकण्याच्या अनेक शतकांच्या कामाची नोंदवही आहे.

म्हणूनच दिवाळ्यासारख्या ठिकाणी चिखलातून निघालेला खुंट दहापैकी नऊ वेळा शंभर-दोनशे वर्षांपलीकडचा नसणार. त्याने निराश होण्याचे कारण नाही. शंभर वर्षांपूर्वीची उघाडी कोणत्या लाकडाची, किती रुंदीची, कशी जोडलेली होती, याचे लेखी वर्णन शोधायला गेलो तर फारसे हाती लागत नाही. ती नोंद आज झाली नाही तर पुढे होणारच नाही, कारण खारजमीनच उरलेली नाही. आमच्या मते इ. स. पूर्व काळाच्या मागे धावण्यापेक्षा हे काम अधिक निकडीचे आहे.

पहिली पायरी, लाकूड माणसाने घडवलेले आहे की निसर्गाचे, हे ओळखण्याची. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे असतात. झाड मेल्यावर ती गाडली गेली की खुंट्यांच्या रांगेसारखी भासतात. पण ती खाली आडव्या मुळाला जोडलेली असतात आणि टोक वरच्या बाजूला निमुळते होत जाते. ठोकलेल्या खुंटाचे टोक खाली असते आणि त्यावर सपाट पैलू असतात, पेन्सिल चाकूने तासल्यावर दिसतात तसे. पैलू रुंद व सपाट असतील तर लोखंडी धारेचे, आखूड व किंचित खोलगट असतील तर दगडी धारेचे असण्याचा संभव असतो. हा निर्णय अर्थात तज्ज्ञांचा. कधी खुंट उलटा, म्हणजे झाडाचा शेंडा खाली करून ठोकलेला असतो; फांदीच्या खुणांवरून ते कळते आणि मग शंकाच राहत नाही. करवतीचे समांतर ओरखडे, खिळ्याची भोके, दोरीचे घट्टे यांची नोंद करावी. एकटा खुंट फार बोलत नाही. तीन खुंट एका रेषेत आले की बोलू लागतात.

हे सारे करायला पदवी लागत नाही, आणि मुंबईच्या परिसराचा इतिहास याची साक्ष देतो. कांदिवली येथे अश्मयुगीन हत्यारांचे थर शोधून १९३९ साली त्यांवर शोधनिबंध लिहिणारे के. आर. यू. टॉड हे नौदलातील अधिकारी होते. साष्टीच्या किनाऱ्यावरील लहान गारगोटी हत्यारांवर त्यांनीच १९५० मध्ये लिहिले. डॉ. भाऊ दाजी लाड हे व्यवसायाने वैद्य. ज्यांना त्यांनी हाताशी धरले ते भगवानलाल इंद्रजी गिरनारचा शिलालेख वाचण्याच्या ध्यासातून स्वतःच लिपी शिकले होते. १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप त्यांनी उघडला आणि तिथेच अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा त्यांना मिळाला. वसईजवळच्या भुईगाव येथे १९५६ साली अशोकाच्या लेखाचा आणखी एक तुकडा ओळखला गेला, तो एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथपालांकडून. २०१५ नंतर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल अध्ययन केंद्राच्या सहभागाने साष्टी बेटाची जी पायी पाहणी झाली, तीत विद्यार्थी आणि हौशी अभ्यासकांनी गल्लीबोळांतून फिरून मूर्ती, वीरगळ, गधेगाळ यांच्या नोंदी केल्या. दगडाची नजर आपल्याकडे तयार झाली आहे. लाकडाची अजून व्हायची आहे.

हौशी माणसाने काय करू नये, हेही स्पष्ट सांगायला हवे. खणू नये. उत्खननाला परवाना लागतो, आणि परवाना नसता तरी आम्ही हेच सांगितले असते, कारण चिखलातून उपटलेला खुंट म्हणजे फाडलेले पान. जमिनीत मिळालेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी असा १८७८ चा निखात निधी कायदा आहे. (किंमत तेव्हापासून दहा रुपयेच आहे.) १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येते. तेव्हा घरी आणून ठेवण्याचा मोह टाळावा.

खोदकाम दुसऱ्या कोणाचे चालू असेल तर मात्र पाहण्याचा अधिकार कोणी काढून घेतलेला नाही. यंत्र चालवणाऱ्याशी आणि मुकादमाशी बोलून ठेवावे. पहिली बातमी नेहमी त्यांच्याकडूनच येते. लाकूड दिसले की ते जागच्या जागी असताना मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. मोबाइलवरून स्थान टिपावे. जवळच्या पक्क्या खुणेपासून, उदाहरणार्थ पुलाच्या कठड्यापासून, ते किती खोल आहे ते मोजावे. खोलीशिवाय नोंदीला अर्थ नाही. वरच्या-खालच्या थरांचा रंग, शिंपले आहेत का, वास येतो का, हे लिहावे. लाकूड आधीच बाहेर फेकलेले असेल तर ते ओल्या गोणपाटात गुंडाळून, त्यावर प्लॅस्टिक बांधून सावलीत ठेवावे आणि गोणपाट वाळू देऊ नये. घासून धुऊ नये, वार्निश तर मुळीच लावू नये. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहावी, शाई पाण्यात पसरते. मग राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे. उत्तर यायला वेळ लागला तर पुन्हा कळवावे.

आणि चिखलात उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारावे. मोठ्या उधाणाला इथे भरती-ओहोटीतील फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि पाणी चढू लागले की सपाट चिखलावर ते चालत्या माणसापेक्षा वेगाने येते. कोणत्या जागी पाय रुततो आणि कुठे कडक आहे, जुनी उघाडी कुठे होती, डोलीचे खुंट कोणत्या ओळीत होते, हे दिवाळ्याच्या वयस्क कोळ्यांना नकाशावाचून ठाऊक आहे. ते आधी लिहून घ्यावे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे काम उत्तम जमते, आणि त्यासाठी पाय ओले करावे लागत नाहीत.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग देतो. तीन बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत सारख्या लांबीच्या बांबूच्या चिपा, गूल काढलेल्या आगकाड्या आणि सुती कापडाची एकेक पट्टी पुरायची. पहिल्या बरणीत कोरडी वाळू. दुसरीत बागेची माती, एक दिवसाआड थोडे पाणी शिंपडून दमट ठेवलेली. तिसरीत खाडीचा किंवा भातखाचराचा चिखल, वर चार बोटे पाणी सतत राहील असे पाहून, झाकण सैल ठेवून. तीन महिन्यांनी प्रत्येकीतील निम्मे नमुने आणि सहा महिन्यांनी उरलेले काढायचे. कापडाची पट्टी ओढून पाहायची, आगकाडी वाकवून पाहायची, बांबूची चीप धुऊन ओली आणि वाळवून अशी दोनदा तोलायची. कोणत्या बरणीतले कापड आधी जाते याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून अगोदर लिहून घ्यावा. बहुतेक जण तिसरीचे नाव घेतात. ती बरणी उघडताना वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.